वर्गातील प्रतिसाद-यंत्र आणि प्रश्नाचे स्थान

शे-दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात ‘समजले काय?’ असे अध्यापकाने विचारले असता सामान्यतः मौन हेच उत्तर मिळते. या मौनाचा अर्थ आकलन असा घ्यावा की संकोच असा घ्यावा, हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. ‘क्लिकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिसाद-यंत्राचे प्रयोजन ही उणीव भरून काढणे हे होय. प्रत्येक विद्यार्थी हातातील लहान यंत्राची कळ दाबून किंवा मोबाइलवरून एक पर्याय निवडतो. कोणत्या पर्यायास किती मते पडली, याचा आलेख काही क्षणांत पडद्यावर उमटतो. कोणाचे उत्तर कोणते, हे वर्गास कळत नसल्याने चुकण्याची भीती कमी होते.

तथापि केवळ यंत्राने अध्यापन सुधारते, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. या संदर्भात हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांचा अनुभव उद्बोधक आहे. गतिशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा झाल्यावरही विद्यार्थ्यांच्या मनातील भ्रामक कल्पना बव्हंशी तशाच राहतात, असे हॅलून व हेस्टेनिस या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवून दिले होते. माझूर यांनी आपल्या विद्यार्थ्यांची तशीच चाचणी घेतली. जड मालमोटार आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली असता कोणावर अधिक बल कार्य करते, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. दोन्ही बले समान असतात, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरून उघड आहे. तरीही कठीण आकडेमोड लीलया करणारे अनेक विद्यार्थी येथे अडखळले. परीक्षेतील गुणांनी गुरू व शिष्य या दोघांचीही दिशाभूल केली होती.

यावर उपाय म्हणून माझूर यांनी १९९१ पासून ‘सहाध्यायी-अध्यापन’ ही पद्धती अवलंबिली. थोड्या विवेचनानंतर संकल्पनेवर एक प्रश्न विचारावयाचा. प्रत्येकाने स्वतंत्रपणे उत्तर नोंदवावयाचे. नंतर शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा उत्तर द्यावयाचे. प्रथम फेरीत सुमारे ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील, तर चर्चा विशेष फलदायी ठरते. त्याहून कमी असल्यास विषय पुन्हा समजावून देणे आणि अधिक असल्यास पुढे जाणे इष्ट. आरंभी या पद्धतीत यंत्र नव्हतेच. हात वर करणे किंवा उत्तराचे कार्ड दाखविणे एवढ्यावर काम भागत असे. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील एका महाविद्यालयात यंत्र व कार्डे यांची तुलना करण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आकलनाच्या दृष्टीने दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही.

चर्चेत एका हुशार विद्यार्थ्याचे उत्तर इतर जण उचलतात, असा आक्षेप घेतला जातो. कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशिकीच्या वर्गावर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या आक्षेपाची परीक्षा झाली. चर्चेनंतर, बरोबर उत्तर उघड न करता, त्याच तत्त्वावरील दुसरा प्रश्न प्रत्येकास स्वतंत्रपणे सोडवावयास दिला गेला. पहिल्या वेळी चुकलेल्या अनेकांना तो सुटला. आरंभी कोणासही उत्तर ठाऊक नसलेल्या गटांतही सुधारणा दिसली. मात्र उत्तराच्या अचूकतेस भारी गुण जोडले, की अधिक जाणत्या विद्यार्थ्याचे वर्चस्व वाढते, असे खगोलशास्त्राच्या वर्गांवरील २००६ मधील एका अभ्यासात आढळले. तेव्हा अशा उत्तरांस नाममात्र गुण ठेवणे श्रेयस्कर.

यावरून यंत्र अनावश्यक ठरते, असे मात्र नव्हे. कार्डे मोजण्याचे श्रम ते वाचविते, उत्तरे गुप्त राखते आणि त्यांची नोंद पुढील अभ्यासासाठी जतन करते. परंतु प्रश्न केवळ स्मरणाचा असेल, तर आलेख कितीही सुबक उमटला तरी तो पाठांतराचाच आलेख होय. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या वास्तविक गैरसमजांतून निवडलेले असले, तरच पडद्यावरील आकडे अध्यापकास काही सांगू शकतात. म्हणूनच यंत्राच्या खरेदीआधी प्रश्नांच्या रचनेकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. आणि यंत्र नसले, तरी चांगला प्रश्न व चार कार्डे एवढ्या सामग्रीवर या पद्धतीचा प्रारंभ कोणत्याही वर्गात करता येतो.