‘पार्क’ या शब्दाविषयी

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील सिरुसेरी येथे संगणक-व्यवसायाची जी वसाहत तमिळनाडू शासनाच्या सिपकॉट महामंडळाने उभारली, तिला ‘आयटी पार्क’ म्हणतात. परंतु तेथील कंपन्यांच्या फाटकांवर ओळखपत्रावाचून प्रवेश नाही. यात विसंगती मुळीच नाही. इंग्लंडात राजाच्या सनदेने कुंपण घालून हरणे राखलेले रान, हाच ‘पार्क’चा जुना कायदेशीर अर्थ; सर्वांस खुले उद्यान, हा अर्थ मागाहूनचा. तोफा व गाडे ओळीने लावण्याच्या लष्करी जागेसही पार्क म्हणत, आणि आपले ‘पार्किंग’ त्याच घराण्यातले. मुंबईचे शिवाजी पार्क (१९२७ पर्यंत माहीम पार्क) हे तर बागेपेक्षा मैदानच अधिक. पुण्याजवळच्या हिंजवडीचे ‘इन्फोटेक पार्क’ मात्र सिरुसेरीचे सगोत्र. तेव्हा केवळ नावावर विसंबून मुलाबाळांसह तिकडे सहलीस जाऊ नये.