क्षुद्रधान्ये : पथ्य आणि पर्यावरण

सुश्रुतसंहितेत ‘कुधान्य’ वर्गात गणलेली कोद्रव, श्यामाक, प्रियंगु (राळा) ही धान्ये आज जगाच्या चर्चेत आहेत. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. हरितक्रांतीनंतर भात व गहू यांवरच भर दिल्याने पंजाबातील भूजल खोल गेले. ही धान्ये मात्र अल्प पाण्यात, हलक्या जमिनीतही येतात.

लघु, रूक्ष गुणांमुळे स्थौल्य व प्रमेह यांत आपण ती पथ्य म्हणून सांगतो. तथापि कृश, वातप्रकृती रुग्णास ती सरसकट देणे शास्त्रसंमत नव्हे.

साठवणीकडेही लक्ष हवे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील बांधवगड येथे १० हत्ती दगावले. तपासणीत त्याचा संबंध बुरशीबाधित कोद्रवातील सायक्लोपियाझोनिक आम्लाशी जोडला गेला. म्हणून औषधालय चालकांनी कोरडे, निवडलेले धान्यच विक्रीस ठेवावे.

रास्त भाव मिळाला तरच शेतकरी हे पीक घेईल, आणि भाव मागणीवाचून मिळत नाही. वैद्यबंधुभगिनींनी पथ्यपत्रकात धान्याचे नाव, मात्रा व कृती स्पष्ट लिहावी. त्या एका ओळीने रुग्ण, शेतकरी आणि भूमी या तिघांचेही हित साधेल.