रक्तदाब उतरण्याआधीच शीर सांगते

अंजनगाव सुर्जीकडे पानमळ्याला ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. मऊ प्लॅस्टिकचा पाइप पाण्याने भरला की गोल, ताठ राहतो. पाणी कमी पडले की चपटा होतो. असाच अंदाज भूलतज्ज्ञ आता रुग्णाच्या पोटातील एका शिरेवरून घेऊ लागले आहेत.

आपले सुमारे दोन तृतीयांश रक्त शिरांमध्ये असते. शिरांच्या भिंती पातळ व सैल असतात. भुलेच्या औषधांनी त्या आणखी सैलावतात. रक्त तेथेच साचते व हृदयाकडे कमी परतते. येईल तेवढेच रक्त हृदय पुढे ढकलू शकते. म्हणून रक्तदाब उतरतो. तो बराच वेळ उतरलेला राहिला तर मेंदू, हृदय व मूत्रपिंडे यांना इजा होऊ शकते. शरीरात मुळातच पाणी कमी असेल तर धोका वाढतो. वऱ्हाडातील वैशाखात रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेतलेला रुग्ण डोळ्यांपुढे आणा!

शरीराच्या खालच्या भागातील रक्त अधोमहाशिरेतून हृदयाकडे येते. आपण श्वास घेतला की छातीतील दाब घटतो, रक्त वर ओढले जाते व ही शीर अरुंद होते. शीर भरलेली असेल तर थोडी, रिती असेल तर फार. हे पाहण्यासाठी पोटावर सोनोग्राफीचा शोधक ठेवतात. श्राव्यातीत ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. १० सेंटिमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी सुमारे १३० मायक्रोसेकंदांत परततो. त्यावरून शिरेची रुंदी कळते.

समजा, शीर श्वास सोडताना २० मिलिमीटर आणि घेताना १० मिलिमीटर रुंद आहे. फरक १०, त्याला २० ने भागले की आकुंचन ५० टक्के. झांग व क्रिचली यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४३ टक्क्यांहून अधिक आकुंचन असलेल्यांचा रक्तदाब संपूर्ण भुलेनंतर उतरण्याची शक्यता बरीच जास्त आढळली. अशा वेळी शिरेतून द्रव देणे, औषधाची मात्रा बेताने वाढवणे, रक्तदाब वाढवणारे औषध हाताशी ठेवणे ही तयारी आधीच करता येते.

वर्गात हे दाखवता येईल. पेप्सीच्या बर्फाच्या दोन लांब पिशव्या घ्या. एक पाण्याने पूर्ण, दुसरी अर्धी भरा, हवा काढून तोंडे बांधा आणि बोटाने दाबा. कोणती चटकन चपटी होते?

मात्र हा आकडा म्हणजे भाकीत नव्हे. पोटातील वायू, स्थूलपणा, मुद्दाम घेतलेला खोल श्वास यांनी मोजमाप चुकते. कृत्रिम श्वास देताना तर हवा दाबाने आत जाते व शीर उलट फुगते. गरोदरपणाच्या शेवटी गर्भाशयाचाच दाब शिरेवर पडतो. शिवाय १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे. यंत्र शिरेसाठी आणले तरी नियम सुटत नाही.

यंत्र नसले तरी एक गोष्ट घरोघर सांगण्याजोगी आहे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी निरोगी रुग्णाला साधारणपणे दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते. ‘पाणी केव्हापर्यंत पिऊ?’ हे भूलतज्ज्ञांना आवर्जून विचारावे. उगाच तहानलेले राहणे म्हणजे पाइप आधीच रिता करून ठेवणे.