एकापासून सहापर्यंत, आणि उलट

संख्यांची ओळख : लेखांक ९

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरला भाविक येतात ते मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरासाठी. या आठवड्याच्या संख्येचा माग त्याच दिगंबर परंपरेत लागतो. संख्या आहे १२३४५६५४३२१. म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस.

नवव्या शतकात महावीराचार्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात ‘गणितसारसंग्रह’ रचला. तेव्हा मराठवाडाही राष्ट्रकूटांच्याच अमलाखाली होता. एकापासून महाक्षोभापर्यंत २४ स्थानांची नावे सांगणाऱ्या या पंडिताला मोठ्या आकड्यांचा भारी सोस. त्यांच्या गुणाकाराच्या उदाहरणांत १५२२०७ ला ७३ ने गुणले की ओळीने आठ एक येतात, आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की आपली आजची संख्या. उत्तर आधी ठरवून मग उदाहरण घातले असणार, हे उघड आहे.

यातली मेख अशी : ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ बरोबर १,११,१११. म्हणजे ही संख्या सहा एकांचा वर्ग आहे. तिचे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७, प्रत्येक दोनदा. त्यामुळे तिला २४३ विभाजक आहेत. अंकांची बेरीज ३६, तोही सहाचा वर्ग.

हजारेक वर्षांनी हीच संख्या देवळालीच्या एका शाळामास्तरांच्या वहीत आली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले, ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली त्याच्या नावावरून. डेम्लो संख्येचे तीन तुकडे पडतात : २५५३ मध्ये टोकांचे २ आणि ३ मिळून ५, आणि मधे पाचच. आपल्या संख्येत १२३४५ आणि ५४३२१ मिळून ६६६६६, मधे ६. स्थानकाच्या नावाने संख्येचे बारसे करावे, हे कापरेकरांनाच सुचावे!

हा डौल येतो कुठून? कागदावर १,११,१११ ला त्याच संख्येने गुणून पाहावे. एकांची तीच ओळ सहा वेळा, दरवेळी एक घर डावीकडे. उजव्या टोकाच्या उभ्या रांगेत एकच १, पुढच्या रांगेत दोन, मधल्या रांगेत सहा, मग उतरण. कुठेच बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही.

नऊ एकांपर्यंत हे सुरळीत चालते. दहा एकांच्या वर्गात मधली बेरीज दहा होते, हातचा शेजारच्या नवाला जाऊन मिळतो, तिथेही दहा, आणि त्याच्या डावीकडचा आठ नऊ होऊन बसतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गायब.

महावीराचार्यांनी १४२८५७१४३ ला ७ नेही गुणले आहे. त्या उत्तरातल्या शून्यांची गोष्ट पुढच्या आठवड्यात.