मिऱ्यांच्या राणीच्या गावी

सहलीचा अखेरचा दिवस बहुधा परतीच्या घाईत वाया जातो. वळकट्या बांधणे, शिदोरीचे डबे मोजणे आणि दुकानाची चिंता करणे, यातच तो संपतो. सन २०१४ च्या डिसेंबरात बेळगावहून निघालेल्या आमच्या तेवीस जणांच्या मंडळीपुढेही हाच प्रश्न आला. आमचा शेवटचा मुक्काम जोगच्या धबधब्यापाशी होता. तरुणांचे म्हणणे, धबधब्याच्या तळाशी उतरून यावे आणि सरळ घर गाठावे. सोमवारचा बाजार आहे. परंतु मंडळीतील सर्वांत वडील, चौऱ्याहत्तर वर्षांचे तात्या म्हणाले, "गेरसोप्प्याची चतुर्मुख बस्ती आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकली, डोळ्यांनी पाहिली नाही. आता पुन्हा येणे होईल असे वाटत नाही." यावर कोण काय बोलणार? सकाळ तरुणांची आणि दुपार तात्यांची, अशी वाटणी झाली.

शरावती नदी येथे सुमारे ८३० फूट खाली कोसळते. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशी तिच्या चार धारांची नावे आहेत. वरच्या अंगास लिंगनमक्की धरण १९६४ साली झाल्यापासून नदीचे पुष्कळसे पाणी विजेच्या कामी लागते. म्हणून पावसाळा सरल्यावर धारा बारीक होतात. तथापि त्यामुळेच कड्याचे काळे, ओले अंग स्पष्ट दिसते. तळाकडे जाणाऱ्या पायऱ्या हजाराहून अधिक आहेत. आमच्यापैकी नऊ जण उतरले. उतरताना थट्टामस्करी चालली होती. चढताना मात्र कोणाच्या तोंडून शब्द निघेना. पोती उचलण्याचा अभिमान बाळगणारे आमचे एक चिरंजीव तीन ठिकाणी बसले. वर बसलेल्या बायामंडळींना तेवढीच करमणूक झाली.

अकराच्या सुमारास घाट उतरू लागलो. जंगल दाट, वळणे अवघड. खाली सुपारीच्या बागा लागल्या आणि पोफळींच्या अंगावर चढलेले मिऱ्यांचे वेल दिसले. आम्ही धान्याचे व्यापारी. गाडी थांबविल्यावाचून कसे राहवेल? बागाइतदाराने हिरवे घोस हातावर ठेवले. शंभर किलो हिरवी मिरी वाळली की सुमारे तेहतीस किलो काळी मिरी हाती येते, असा त्याचा हिशेब. भरीव दाणा पाण्यात बुडतो. पोकळ दाणा किंवा भेसळीची पपईची बी तरंगते. ही परीक्षा त्याने तांब्यात करून दाखविली.

या मिऱ्यांनीच गेरसोप्प्यास वैभव आणले. सोळाव्या शतकात येथे जैनधर्मीय राणी चेन्नभैरादेवीचे राज्य होते. इ. स. १५५२ ते १६०६ अशी तिची कारकीर्द सांगतात. मिरीच्या व्यापारामुळे पोर्तुगीज तिला 'मिऱ्यांची राणी' म्हणत. त्यांच्याशी तिने व्यापारही केला आणि वेळप्रसंगी युद्धही केले. अखेर केळदीच्या वेंकटप्प नायकाने तिचे राज्य जिंकले आणि तिचा अंत बंदिवासात झाला, असे म्हणतात.

बस्ती नदीपलीकडच्या रानात आहे. तात्यांचे गुडघे दुखरे. होडी पाहून त्यांच्या सूनबाई घाबरल्या. तेव्हा सकाळी पायऱ्या उतरून दमलेल्या त्याच तरुणांनी पाण्यात उभे राहून त्यांना अलगद होडीत बसविले आणि पैलतीरी पायवाटेने दोन्ही बाजूंनी आधार देत नेले. झाडी सरली आणि बस्ती समोर आली. दगडी बांधणी, शिखर नाही, चारही दिशांना दारे. गर्भगृहात चार दिशांना मुख केलेल्या जिनमूर्ती. ज्या दारातून जावे तेथून दर्शन घडते. तात्या चारही दारांशी जाऊन आले आणि मग ओट्यावर बराच वेळ स्वस्थ बसून राहिले. त्यांना कोणीही घाई केली नाही.

भोवतालच्या रानात पडक्या बस्त्यांचे अवशेष आहेत. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ साली येथून गेला, तेव्हाच त्याला हे नगर उजाड आणि राजवाडा झाडाझुडपांनी वेढलेला दिसला. राणीचे राज्य जाऊन तेव्हा जेमतेम सतरा वर्षे झाली होती! आपल्या पेठांत तीन-तीन पिढ्यांची दुकाने आहेत. सतरा वर्षे म्हणजे एका मुलाच्या शिक्षणाचा काळ. तेवढ्यात एक भरभराटलेली पेठ रानाने गिळली. तिच्या वखारी गेल्या, भाव गेले, उधाऱ्या गेल्या. उरले ते एवढेच, जे त्या धनातून सर्वांसाठी बांधले गेले होते. धनसंचय करणाऱ्या आम्हां मंडळींस याहून स्पष्ट जमाखर्च कोण दाखविणार?

परत अलीकडे येऊन सूर्यास्तापूर्वी नदीकाठी शिदोरी सोडली. दशम्या, चटणी आणि बागाइतदाराने दिलेली ओली मिरी. होन्नावर, अंकोला, हुबळी या मार्गाने मध्यरात्रीनंतर बेळगाव गाठले. सोमवारी सर्व दुकाने वेळेवर उघडली, हे मुद्दाम नमूद करतो.

सभासद बंधुभगिनींस एवढीच विनंती की, सहल आखताना अखेरचा दिवस केवळ परतीसाठी ठेवू नये. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात पाहावयाचे राहून गेलेले एखादे स्थळ असतेच. ते विचारून घ्यावे आणि त्यांचे गुडघे साथ देत आहेत तोवर त्यांना तेथे न्यावे.