कुत्रा शंभर दिवस कोणाकडे ठेवायचा?

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बरंचसं बोललो तसंच ठेवलंय, आकडे तेवढे नीट लिहिलेत.

तर विषय असा. एप्रिल संपताना आमच्या कामठीच्या घराला कुलूप लागणार. ताई न्यू जर्सीत असते, मे महिन्यात तिचं बाळंतपण आहे. आई-बाबा जाणारच होते. माझी नवी नोकरी सप्टेंबरात सुरू होतेय, म्हणून मीपण. साधारण १०५ दिवस. मागे राहतो आमचा बंडू. नऊ वर्षांचा, गावठी, पिल्लू असताना गोराबाजारातून उचलून आणलेला.

'त्याला सोबतच न्या ना' असं सगळ्यांनी सुचवून झालंय. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केलेत. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. इथे लस घेतलेल्या कुत्र्याला मायक्रोचिप लागते, शिक्क्याची कागदपत्रं लागतात आणि उतरायला ठरावीकच विमानतळ आहेत. त्यांनी मान्य केलेल्या लॅबमधून रक्ताची रेबीज-चाचणी झाली नसेल तर तिकडे २८ दिवस क्वारंटाइन. युरोपचं आणखी लांबण आहे: लस दिल्यावर ३० दिवस थांबून रक्त काढायचं आणि रिपोर्ट चांगला आला तरी तिथून पुढे तीन महिने थांबायचं. कायमचं राहायला जाणाऱ्यांनी हे जरूर करावं. बाळंतपणाला जाऊन परत येणाऱ्यांनी म्हाताऱ्या कुत्र्याला एवढ्या प्रवासात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ठेवायचं कुठे? इथे लोक चार दिवसांच्या सहलीचा हिशोब तीन महिन्यांना लावतात. चार दिवसांत बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणून जागा स्वच्छ आहे ना, फोटो पाठवतात ना, एवढं बघून भागतं. शंभर दिवसांत काहीतरी होणारच. गोचीड चावेल, पोट बिघडेल, ढग गडगडले की पट्टा तोडून पळेल. तेव्हा ते कोणाच्या लक्षात येणार आणि दवाखान्यात न्यायचं कोण ठरवणार, हे जागेपेक्षा महत्त्वाचं. आपण तर झोपलेले असू. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं. कामठीत सकाळचे अकरा, तेव्हा तिकडे रात्रीचा दीड.

मी तीन जागा बघितल्या. एक शहराबाहेरचं हॉस्टेल, एक घरात कुत्रे सांभाळणाऱ्या ताई आणि एक आमच्याच गल्लीतले निवृत्त सुभेदार काका. चौथी ऑफर शेजारच्या काकूंची होती: "कायले एवढा खर्च करून राह्यले बाप्पा? आमच्या आंगणात बांधून देजा ना!" माया खरी आहे. पण मे महिन्यात कामठीचं अंगण म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको.

उन्हाचं जरा सविस्तर बोलतो, कारण विदर्भात निवड यावरच ठरते. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जीभ-तोंडातलं पाणी हवेत उडतं आणि त्यातून अंग थंड होतं. कोरड्या मे महिन्यात हे चालतं आणि आपला कूलरही चालतो, कारण दोघांचं तंत्र एकच. जूनच्या शेवटी पाऊस आला की हवा दमट होते. मग कूलरही नुसता ओलसर वारा मारतो आणि धापा टाकूनही कुत्रा तेवढा थंड होत नाही. म्हणून 'कूलर आहे का?' एवढं विचारून भागत नाही. लाइट गेली तर काय? दुपारी दोनला कुत्रा कुठे असतो? छत टिनाचं आहे का? मी हॉस्टेल बघायला मुद्दाम दुपारी गेलो. तुम्हीही सकाळची वेळ घेऊ नका.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०६ च्या वर गेलं की जिवावरचं. अशा वेळी साधं पाणी अंगावर, पंखा आणि लगेच दवाखाना. सांभाळणाऱ्याला हे न विचारता सांगता आलं, तर तो अर्धी परीक्षा पास.

उरलेली अर्धी गोचिडांची. गोचीड-ताप चावल्याच्या दिवशी दिसत नाही, एक ते तीन आठवड्यांनी दिसतो. कुत्रा सुस्त होतो, जेवण टाकतो, कधी नाकातून रक्त येतं. लवकर रक्त तपासलं तर बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर नाही. 'दोन दिवस कमी जेवतोय' हे वीस कुत्र्यांत एका पोऱ्याच्या लक्षात येईल का? म्हणून मी प्रत्येक ठिकाणी विचारलं: रात्री इथे कोण झोपतं, आणि एका माणसाकडे किती कुत्रे? एका जागी रात्री फक्त कॅमेरा झोपत होता. तिथून मी चहा न पिता निघालो.

आम्ही काकांना निवडलं. बंडू त्यांना ओळखतो, घरात तो एकटाच कुत्रा असेल आणि काका पहाटे पाचला उठतात. फक्त जूनमध्ये दहा दिवस ते गावी लग्नाला जाणार. तेवढे दिवस त्या घरात सांभाळणाऱ्या ताई. त्यांच्याकडे इतर कुत्रे असतात, त्यामुळे नेहमीच्या लसींसोबत केनेल कफची लसही आधीच द्यायची. दोन्हीकडे दोन-दोन रात्रींची ट्रायल केली. ताईंकडे पहिल्या रात्री बंडू जेवला नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवला. हे आत्ताच कळलेलं बरं.

पैशांचं बोलणं अवघड गेलं. हॉस्टेलचा हिशोब सरळ असतो, दिवसाला ५०० धरले तर १०५ दिवसांचे ५२,५००. पण शेजारधर्मात रेट कसा विचारणार? काकांनी मानधन साफ नाकारलं. शेवटी बाबांनी त्यांचं तीन महिन्यांचं वीजबिल आपल्याकडे घेतलं, कारण कूलर दिवसभर चालणार तो बंडूसाठीच. दवाखान्यासाठी २०,००० रुपये वेगळे काढून काकांच्या खात्यात टाकलेत. उपचार अडला तो 'आधी विचारतो' म्हणून, असं होऊ नये.

आता चिठ्ठी. एका पानावर डॉक्टरांचा नंबर, औषधं, लसींच्या तारखा लिहिल्या. रेबीजच्या नोंदीची प्रत काकांकडेच, कारण बंडूने कोणाला ओरबाडलं तर आधी तीच विचारतील. (जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचंच, लस झालेली असो वा नसो.) मोठी शस्त्रक्रिया लागली तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना, तेही लिहिलंय. शेवटच्या दोन ओळी लिहायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. वाचण्याची आशा नाही असं डॉक्टर म्हणाले आणि आमचा फोन लागला नाही, तर त्याला वेदनेत ठेवायचं नाही. निर्णय काकांचा, आम्ही कधीही जाब विचारणार नाही. आईने सही केली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

मोबाइलवाल्यांसाठी दोन गोष्टी. बंडूच्या पट्ट्यावर माझा नंबर होता. मी अमेरिकेत, सिम बंद, मग हरवला तर फोन करणारा कोणाला करणार? आता तिथे काकांचा नंबर कोरलाय. दुसरं, रोज व्हिडिओ मागू नका. आपला आवाज ऐकून काही कुत्रे दारापाशी जाऊन बसतात. आम्ही दर रविवारी एकच फोटो मागितलाय: काका बंडूला उचलून वजनकाट्यावर उभे, काट्याचा आकडा दिसेल असा. काकांचं वजन ७१ आहे, ते वजा केलं की झालं. किलो-दीड किलो घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

१२ ऑगस्टला परत येतोय. त्या संध्याकाळी बंडूला लगेच घरी न्यायचं नाही असं ठरलंय. आधी आम्हीच काकांकडे जाऊन बसणार, तो स्वतःहून जवळ येईपर्यंत.