घामाचा हिशोब

2016 च्या सप्टेंबरात मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर ट्रायथलॉनच्या जागतिक मालिकेची अखेरची शर्यत झाली. ब्रिटनचा जॉनी ब्राउनली सगळ्यांच्या पुढे होता. शेवटची रेषा काहीशे मीटरवर आली आणि त्याचे पाय लटपटायला लागले. तो रस्त्याच्या कडेला झुकत गेला. मागून त्याचा सख्खा भाऊ अॅलिस्टेर आला. त्याने जॉनीचा हात आपल्या गळ्यात घेतला, त्याला ओढत रेषेपर्यंत नेलं आणि शेवटी अक्षरशः पलीकडे ढकललं. दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन दोघांना मागे टाकून जिंकून गेला होता. बंधुप्रेमाचं उदाहरण म्हणून ती चित्रफीत जगभर फिरली. मी कोल्हापुरात औषधाचं दुकान चालवते. मला त्यात आधी दिसतो तो उन्हाचा तडाखा. जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक, विशीतला, वर्षानुवर्षं तयारी केलेला. दमट समुद्रकिनाऱ्याने त्याची ही अवस्था केली.

कोझुमेलची हवा आणि गोव्यातल्या मिरामारची हवा एकाच जातीची. म्हणून गोव्याच्या शर्यतीला जायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी ही चित्रफीत दाखवते.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकापाठोपाठ एक, मध्ये घड्याळ न थांबवता. गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर 2019 पासून होते ती ‘आयर्नमॅन 70.3’. कोविडमुळे मध्ये खंड पडला, 2022 पासून पुन्हा सुरू आहे. 70.3 हा आकडा मैलांचा, आपल्या भाषेत 113 किलोमीटर. त्यात 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं. हे सगळं साडेआठ तासांत. पोहण्याला एक तास दहा मिनिटं मिळतात, आणि सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल संपलेली असावी लागते. ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांनी तिघांत वाटून घ्यावं, एक पोहणारा, एक सायकलवाला, एक धावणारा. आमच्या कोल्हापुरातली कितीतरी मंडळी तशीच या खेळात आली.

हा खेळ समुद्रकाठीच रुजला. 1974 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या मिशन बे इथे पहिली छोटी शर्यत झाली. लांब पल्ल्याची आयर्नमॅन मात्र हवाईतली. 1978 च्या फेब्रुवारीत ओआहू बेटावर अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी बेटावरच्या तीन वेगवेगळ्या स्पर्धा एकाच दिवसात जोडल्या. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. 1981 पासून ती शर्यत हवाईतल्याच कोनाला गेली, लाव्हाच्या काळ्या खडकांतून जाणाऱ्या रस्त्यावर. तिथेही लोक धास्ती घेतात ती उन्हाची आणि वाऱ्याची.

कोल्हापूर आणि पणजी यांच्यात आंबोलीचा घाट आहे, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्या घाटातच आहे. आम्ही राजाराम तलावात पोहतो, जोतिबाचा आणि पन्हाळ्याचा चढ सायकलने चढतो, पहाटे गार वाऱ्यात धावतो. पाऊस सरला की आमच्याकडची हवा कोरडी होते. घाम येतो तसा उडून जातो, अंगावर नुसतं मीठ राहतं. घाट उतरून सावंतवाडी, बांदा ओलांडलं की तोच घाम अंगाला चिकटून बसतो. श्रावणात दोरीवरची साडी वाळत नाही, तसा तो वाळत नाही.

इथेच सगळं अडतं. घाम आल्याने अंग गार होत नाही, घाम वाळल्याने होतं. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शरीरातून घेऊन जातो. तोच घाम थेंब होऊन रस्त्यावर पडला तर काहीच नेत नाही. पळणारे स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त उष्णतेत जातो. ती उष्णता बाहेर पडली नाही तर शरीराच्या आतलं तापमान चढत जातं. ते चाळिसाच्या पुढे गेलं आणि माणूस बरळायला लागला की तो उष्माघात, आणि त्यावर उपाय एकच: ताबडतोब गार पाण्यात किंवा बर्फात. म्हणून मिरामारला कोल्हापूरच्या वेगाने धावायचंच नाही. मनगटावरचं घड्याळ सांगेल त्यापेक्षा किलोमीटरमागे चांगला अर्धा-एक मिनिट सावकाश. ही कमकुवतपणाची खूण नव्हे, शरीराला दोन कामं करायची असतात म्हणून हे करायचं. रक्त पायांनाही हवं असतं आणि अंग गार करायला कातडीलाही.

शरीर शिकतं, हे या विषयातलं मला सर्वांत आवडणारं सत्य. रोज तासभर उकाड्यात व्यायाम केला तर दहा-चौदा दिवसांत रक्तातल्या पातळ द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, आणि त्यात मीठ कमी जायला लागतं. नॉर्वेचा क्रिस्टियान ब्लुमेनफेल्ट हा बर्गनसारख्या थंड, पावसाळी गावचा. 2021 मध्ये टोकियोच्या दमट उन्हाळ्यात त्याने ऑलिम्पिकचं सुवर्ण जिंकलं, त्यामागे तापवलेल्या खोलीत केलेला सराव होता. आम्हाला असली खोली लागत नाही. शर्यतीआधी दोन आठवडे दुपारच्या उन्हात, हळू, थोडा थोडा वेळ सायकल चालवली तरी पुष्कळ होतं. ज्यांना सुट्टी मिळते ते चार दिवस आधी गोव्यात जाऊन राहतात, तेही चांगलं.

माझ्या दुकानाबाहेर वजनकाटा आहे. सरावाला जाणाऱ्यांसाठी तो फुकट. लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. तासभर धावायचं, अंग पुसायचं, पुन्हा वजन करायचं. जितकं वजन उतरलं त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवलं की तासाचा घाम कळतो. एक किलो म्हणजे एक लिटर. थंडीच्या पहाटे माझा आकडा सहाशे ग्रॅमच्या आसपास येतो. गोव्यात त्याच वेगाला तो दुप्पट होतो. आमच्या गटातल्या एका पैलवानी अंगाच्या मुलाचा आकडा तासाला दोन लिटरच्या वर गेला. त्याने आणि मी एकाच मापाने पाणी पिणं दोघांनाही घातक. एकाला कमी पडेल, दुसरीला जास्त होईल.

जास्त पाणीही घातक ठरतं, हे लोकांना पटत नाही. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या 488 जणांचं रक्त तपासलं गेलं, त्यातल्या 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी झालं होतं. धावताना वजन वाढलेले लोक त्यात पुढे होते, म्हणजे घाम गेला त्याहून जास्त प्यायलेले. साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पाणी पाजतो.

म्हणून ओआरएस. या पुडीबद्दल मला मनापासून आदर आहे. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यू झपाट्याने कमी झाले. आज पुडीवर जे छापलेलं असतं, लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 2.9 ग्रॅम सायट्रेट, त्याला विचार आहे. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि पाण्याला ओढून नेतात. साखर जास्त झाली की उलट होतं, पाणी आतड्यात ओढलं जातं. फळांच्या चवीची गोड पेयं ‘ओआरएस’ नावाने वर्षानुवर्षं विकली गेली, आणि 2025 च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

पण शर्यतीत एकट्या ओआरएसवर भागत नाही. त्यात लिटरला साडेतेरा ग्रॅम साखर, आणि सहा-सात तास राबणाऱ्या शरीराला तासाला साठ ग्रॅमच्या पुढे पिष्टपदार्थ लागतात. म्हणून सायकलवर एका बाटलीत मीठपाणी आणि खिशात खाणं. मी खजूर, केळं आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे घेते. पोटाला सरावात याची सवय लावावी लागते. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही तोंडात घालायचं नाही.

आता पाण्यात उतरू. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, पाऊस नुकताच सरलेला असतो, पाणी गढूळ. टँकमध्ये तळाशी काळी रेघ असते, इथे आपला हातही दिसत नाही. दर सहा-आठ हातांनी डोकं मगरीएवढंच वर काढून बोया शोधायचा आणि पुन्हा खाली. लाटेच्या खळग्यात असताना बघितलं तर समोर नुसतं पाणी दिसतं. लाट वर उचलते तेव्हाच बघायचं. पाणी इतकं कोमट असतं की वेटसूटचा, म्हणजे अंग उबदार ठेवणाऱ्या रबरी पोशाखाचा, प्रश्नच येत नाही. 24.5 अंशांच्या पुढे तो घालून बक्षिसाला पात्रच राहता येत नाही, आणि कोमट समुद्रात तो घातलाच तर अंग आतून तापेल. पाण्यातही घाम येतो, हे ध्यानात ठेवावं. समुद्राची सवय व्हायला डिसेंबरच्या सुमाराला मालवणच्या चिवला बीचवर होणारी जलतरण स्पर्धा उत्तम. तिथे लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे उतरतात.

सायकलबद्दल थोडक्यात. आदल्या दिवशीच ती जमा करावी लागते आणि ती उघड्यावर उभी राहते. ठेवताना चाकातली हवा थोडी कमी करायची, नाहीतर उन्हात ट्यूब फुटते. पहाटे पंप घेऊन पुन्हा भरायची. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. पुढच्या सायकलच्या पाठीला चिकटून वारा चुकवायचा नाही, बारा मीटरचं अंतर राखायचं, नाहीतर काही मिनिटं थांबवून ठेवतात. दोना पावल्याच्या चढाला छाती फोडून घेऊ नये, पुढे धावणं आहे.

धावायला सुरुवात होते तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. इथे मी बर्फावर जगते. पाण्याच्या टेबलापाशी थांबायचं, टोपीत मूठभर बर्फ घालून टोपी चढवायची, दोन खडे मुठीत धरायचे. तळहातांतून उष्णता बरी निघते. स्पंजचं पाणी मानेवर आणि दंडांवर, बुटांत जाऊ द्यायचं नाही, पाय सोलवटतात. ‘‘मावशे, उदक जाय? बर्फ जाय?’’ असं कोकणीत विचारत शाळा-कॉलेजची पोरं दिवसभर उन्हात उभी असतात. त्यांना कुणी पदक देत नाही. मी प्रत्येक फेरीत थांबून, त्यांच्याकडे बघून ‘देव बरें करूं’ म्हणते, तेवढी सेकंदं गेली तर जाऊ देत.

शेवटी ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात दुकानात माणसं येतात आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मागतात. ‘‘मॅडम, आधीच एक घेऊन ठेवतो, म्हणजे गुडघा बोलणार नाही.’’ मी देत नाही. पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाला रक्त पुरतं ठेवणारी जी रसायनं असतात, नेमकी त्यांनाच ही गोळी थोपवते. उन्हात तासन्‌तास राबणाऱ्याचं मूत्रपिंड त्यात अचानक काम थांबवू शकतं, रक्तातलं सोडियमही घसरू शकतं. गुडघा बोलत असेल तर त्याचं ऐकावं, शर्यत पुढच्या वर्षीही असते. लोक रागावतात, दुसऱ्या दुकानात जातात. एक जण मात्र परत आला आणि काट्यावर उभा राहिला. त्याला मी घामाचा हिशोब कागदावर मांडून दिला, तासाला किती घोट, किती मीठ. खाली मोठ्या अक्षरात लिहून दिलं: शर्यत संपल्यावर आधी मीठपाणी, मग जेवण, आणि लघवी होऊन तिचा रंग फिका दिसेपर्यंत दुखण्याची कुठलीही गोळी नाही. लघवी झालीच नाही, किंवा चहासारखी काळपट झाली, तर त्याच रात्री डॉक्टर.